गाडी उभी असते, ड्रायव्हर जागा असतो

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर सकाळी ६ ला ट्रक लागला असं धरू. साडेनऊपर्यंत रांग. या साडेतीन तासांत गाडी सहा-सात वेळा थोडी थोडी पुढे घ्यावी लागते, त्यामुळे ड्रायव्हरला डोळा लावता येत नाही. साडेनऊ ते एक लोडिंग. मग ताडपत्री, दोर, बिल्टी, ई-वे बिल यात पाऊण तास. पावणेदोनला गाडी निघते, कसारा घाट उतरते, भिवंडीची गर्दी झेलते आणि रात्री पावणेनऊला न्हावाशेवाच्या रांगेत लागते. मधे जेवणाला एक तास. म्हणजे स्टिअरिंगवर ६ तास.

फक्त चालवण्याचे तास मोजणारं यंत्र इथे सांगेल की हा माणूस आज ६ तासच चालला आहे, अजून दोन-तीन तास चालेल. पण त्याच्या कामाला पावणेपंधरा तास झालेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात विश्रांतीची मधली वेळ धरूनही कामाचा पसारा दिवसाला १२ तासांपलीकडे जाऊ नये असं कलम होतं. त्या हिशेबाने त्याचा दिवस संध्याकाळी ६ लाच संपला, तेव्हा गाडी शहापूर-पडघ्याच्या आसपास होती. अमेरिकेचा नियम लावला तर रात्री ८ ला संपला. तिथे काम सुरू झाल्यापासून १४ तास उलटले की पुढे चालवायचं नाही, आणि त्या १४ तासांतही चालवणं जास्तीत जास्त ११ तास.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवले पाहिजेत, गाडीत झोपेची जाणीव देणारे सेन्सर हवेत, अशी भूमिका मांडली. तेव्हापासून हा विषय अधूनमधून वर येतो. तास ठरवायचे तर ते मोजणारं यंत्र लागेल, आणि देशभर एकसारखं मोजायचं तर त्या यंत्राचं राष्ट्रीय मानक लागेल. ते कसं असावं याबद्दल हे लिहितो आहे. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एक-दोन गाड्या बाळगणारे मालक आणि ड्रायव्हर यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे, कारण उद्या यंत्र सक्तीचं झालं तर त्याचा खर्च आणि त्रास आधी त्यांच्याच वाट्याला येणार.

आपल्याकडे हा विषय अगदी कोरा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२९ सांगतो की धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीला टॅकोग्राफ हवा. त्याच नियमात टॅकोग्राफचा अर्थही दिला आहे: गाडी किती वेळ धावली, वेग किती राखला, वेग किती वाढला-घटला याची नोंद करणारं यंत्र. चाकामागे कोण बसलं होतं, हे त्या व्याख्येत नाही. पुढे एआयएस-१४० हे लोकेशन ट्रॅकिंगचं मानक आलं. बस-टॅक्सीसाठी १ जानेवारी २०१९ पासून, मग धोकादायक मालाच्या ट्रकसाठीही. त्यातून गाडी कुठे आहे ते कळतं. ड्रायव्हर किती तास जागा आहे हे त्यातूनही कळत नाही. म्हणून एआयएस-१४० च्या डब्यालाच तासांचं सॉफ्टवेअर जोडून काम भागेल ही समजूत मला पटत नाही.

पहिला प्रश्न अवस्थांचा. युरोपातल्या टॅकोग्राफवर चार खुणा असतात: स्टिअरिंग म्हणजे चालवणं, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे दुसरं काम, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर राहून वाट पाहणं, आणि खाट म्हणजे विश्रांती. गाडी थांबली की यंत्र आपोआप हातोड्यांवर जातं. खाट हवी असेल तर ड्रायव्हरला बटण दाबावं लागतं. अमेरिकेतही तसंच आहे. गाडी ५ मिनिटं थांबली की यंत्र ड्रायव्हरला विचारतं, एका मिनिटात उत्तर आलं नाही तर 'कामावर, पण चालवत नाही' अशी नोंद करून टाकतं. बटण कुणी दाबलंच नाही तर यंत्र काय धरतं, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे कुणी 'इग्निशन बंद म्हणजे विश्रांती' असं लिहून मोकळं झालं, तर वरच्या उदाहरणातली अंबडच्या गेटवरची अख्खी सकाळ विश्रांतीत जमा होईल. कागदावर ताजातवाना दिसणारा ड्रायव्हर दुपारी झापड येत असताना घाटात उतरेल. मानकाच्या मसुद्यात मी सगळ्यात आधी हेच कलम शोधेन.

रांगेत पुढे सरकण्याची नोंद कशी करायची हा त्यालाच चिकटलेला प्रश्न. अमेरिका आणि कॅनडात ताशी ८ किलोमीटरच्या वर वेग गेला की 'चालवणं' सुरू होतं. एकदा सुरू झालं की वेग शून्यावर येऊन ३ सेकंद तिथेच राहीपर्यंत गाडी चालूच धरतात. कारखान्याच्या आवारात हलवाहलव करायला 'यार्ड'ची वेगळी अवस्था असते. कॅनडात ती ताशी ३२ किलोमीटर ओलांडले की आपोआप सुटते, म्हणजे यार्ड दाबून हायवेला लागता येत नाही. आपल्याला ही सोय हवीच, फक्त वेगाची मर्यादा आपल्या गेटांना शोभेल इतकी खाली हवी. युरोपात एके काळी एखाद्या मिनिटात थोडं जरी चालवलं तरी ते अख्खं मिनिट 'चालवणं' धरायचे. ठिकठिकाणी माल उतरवणाऱ्या गाड्यांचे तास त्यामुळे फुगायचे. नंतर नियम बदलला आणि मिनिटातली जी अवस्था सलग जास्त वेळ टिकली ती नोंदवू लागले. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या हंगामात जी रांग लागते, तिच्यात जुन्या नियमाने मोजलं तर ड्रायव्हरचे चालवण्याचे तास उभ्या उभ्या संपतील.

आता गाडी हलली हे यंत्राला कळतं कसं ते पाहू. निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात. बीएस-६ गाड्यांत (१ एप्रिल २०२० पासूनच्या) ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक असतो, त्याच्या कॅन लाइनवरून (गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात ती तार) वेग आणि इंजिनचे फेरे मिळतात. पण आपल्या रस्त्यांवर यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांना कॅन नाही. अमेरिकेने २००० सालाआधीची इंजिनं सरळ वगळली. आपण जुन्या गाड्या वगळल्या तर जिथे थकवा जास्त तिथेच यंत्र नसेल. जुन्या गाडीला उपाय एकच: गिअरबॉक्समधून स्पीडोमीटरची केबल जिथे निघते तिथे चाकाच्या फिरण्याबरोबर विजेचे ठोके म्हणजे पल्स देणारा सेन्सर. दर किलोमीटरला किती पल्स येतात हे गाडीगणिक वेगळं, त्यामुळे यंत्रात त्या गाडीचा आकडा भरावा लागतो. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. टायरची हवा बरोबर भरायची, गाडी मोजलेल्या सरळ अंतरावर चालवायची (शक्य असेल तर पूर्ण १००० मीटर), आलेले पल्स मोजायचे, आकडा यंत्रात भरायचा, सेन्सरला सील लावायचं आणि सीलचा नंबर, टायरचा साइज, तारीख यांचं लेबल दाराच्या खांबावर चिकटवायचं.

टायर झिजला की हा आकडा हलतो. नव्या टायरचा परीघ सुमारे ३२५० मिलिमीटर धरा. नक्षी १२ मिलिमीटर झिजली तर त्रिज्या तेवढी कमी होते आणि परीघ सुमारे ७५ मिलिमीटरने घटतो, म्हणजे २.३ टक्के. प्रत्यक्ष ८०० किलोमीटर झाले तर यंत्र ८१९ च्या आसपास दाखवेल. युरोपात अंतराची चूक बसवण्याआधी १ टक्का, बसवताना आणि तपासणीत २ टक्के, वापरात ४ टक्क्यांपर्यंत चालते. हा आकडा हवेतून आलेला नाही, टायरची झीज त्यात बसते. आपल्याकडे रिमोल्ड टायर (झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेले) सर्रास चालतात, आणि मागचे-पुढचे टायर वेगळ्या कंपनीचे असणं हेही नेहमीचंच. त्यामुळे वापरातली ४ टक्क्यांची सूट कुणी कडक शिस्तीच्या नावाखाली २ वर आणू नये. नाहीतर प्रामाणिक मालकही तपासणीत नापास होईल.

इंजिनच्या फेऱ्यांवर 'चालवणं' ठरवायची चूकही टाळायला हवी. कसारा घाटात किंवा चांदवडजवळच्या राहूड घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे आहेत. ते धोक्याचं आहे, पण यंत्राला ते ओळखता आलंच पाहिजे. चाक फिरतंय म्हणजे गाडी चालली आहे, इंजिन काहीही सांगो. फक्त जीपीएसवरही विसंबता येत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा आहे, ताशी ८० ने गेलात तरी ६ मिनिटं आकाश दिसत नाही. म्हणून चाकाचे पल्स मुख्य आणि जीपीएस साक्षीला, असा क्रम हवा.

साक्षीदार लागतोच, कारण पल्स फसवता येतात. सेन्सरवर तगडं चुंबक ठेवलं की पल्स थांबतात, गाडी ८० ने धावते आणि यंत्र खाटेची खूण दाखवतं. युरोपात हा प्रकार इतका बोकाळला की २०१२ पासून नव्या यंत्रांना हालचालीचा दुसरा स्वतंत्र पुरावा घेणं बंधनकारक झालं. दोघांत मेळ नसेल तर यंत्र गडबडीची नोंद करतं. सेन्सर आणि यंत्र यांच्यातला संवादही सांकेतिक असतो, दुसरा सेन्सर आणून जोडला तर यंत्र त्याला ओळखत नाही. स्पीड गव्हर्नरचा अनुभव आपल्या समोर आहे: पासिंगपुरता चालू, आरटीओचं आवार सोडलं की वायर तुटलेली. तेव्हा नव्या मानकात वायर तुटली, पुरवठा गेला, सील तुटलं, मेळ बसला नाही, या प्रत्येक घटनेची तारीख-वेळेसह नोंद हवी, आणि ती मालकाला पुसता येता कामा नये.

पुरवठ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मोठमोठ्या मानकांत हा भाग दोन ओळींत उरकतात आणि गाडी बंद पडते ती इथेच. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची. तिच्यावर म्युझिक सिस्टिम, एलईडीच्या माळा, मोबाइल चार्जर, कधी इन्व्हर्टर असं काय काय टोचलेलं असतं. यंत्राला थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजची वेगळी लाइन हवी आणि अर्थिंग चेसिसला घासून साफ केलेल्या जागी हवं, रंगावर नको. रात्री ड्रायव्हर बॅटरी कट-ऑफ दाबतो तेव्हा आतल्या बॅटरीवर घड्याळ आणि नोंद चालू राहिली पाहिजे. एआयएस-१४० मध्ये बॅकअप किमान ४ तासांचा आहे. विश्रांती मोजायची तर तो पुरणार नाही, कारण १९६१ च्या कायद्यात दोन दिवसांच्या कामांमधली सलग विश्रांतीच किमान ९ तासांची होती. लोकेशन पाठवत बसायची गरज नाही, फक्त घड्याळ आणि हालचालीचा सेन्सर जागा ठेवला तर छोटी बॅटरीही १२ तास काढते. मे महिन्यात मालेगावला उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवता येत नाही. अशा जागी ठेवलेली लिथियम बॅटरी फुगते. चाचणीचं तापमान निदान ७० अंशांचं तरी असावं, आणि यंत्र काचेखाली बसवू नये हे बसवण्याच्या सूचनांत लिहिलेलं असावं. बॉडीचं वेल्डिंग हा आणखी एक घात. बॅटरी न सोडता चेसिसवर आर्क लावला की इलेक्ट्रॉनिक्स जळतं, मग यंत्र 'आपोआप' बिघडलं अशी तक्रार होते.

घड्याळ ड्रायव्हरला बदलता येऊ नये, ते उपग्रहावरून जुळावं. अमेरिकेत १० मिनिटांपर्यंतचा फरक चालतो.

आता चाकामागे कोण होतं हा प्रश्न. युरोपात प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतःच्या नावाचं एकच चिप कार्ड असतं. तपासणी अधिकारी, कंपनी आणि वर्कशॉप यांची कार्डं वेगळी, वर्कशॉपच्या कार्डाला पिनसुद्धा. ट्रकला दोन खाचा, दोन ड्रायव्हरांसाठी. तास गाडीबरोबर राहत नाहीत, कार्डाबरोबर माणसामागे जातात. आपल्याला हे सगळ्यात जास्त लागू पडतं, कारण इथे ड्रायव्हर महिन्यात दोन-तीन मालकांच्या गाड्या चालवतो. गाडीला तास चिकटवले तर तो एका गाडीवरून उतरून दुसरीवर चढला की शून्यापासून सुरू. २०१९ पासून देशभर एका नमुन्याचं लायसन्स आहे, त्यावर क्यूआर कोड असतो, पण क्यूआरचा फोटो काढून कुणीही दाखवू शकतो. ओळख चिपवर किंवा चेहऱ्यावर हवी. चेहरा असेल तर पडताळणी यंत्रातच व्हावी, फोटो बाहेर जाऊ नये. खरी कसोटी रात्री लागते. ड्रायव्हर मागे झोपलेला, क्लीनर गाडी ओढतोय आणि कार्ड ड्रायव्हरचं. अशा वेळी निघताना एकदा ओळख पटवून भागत नाही, गाडी थांबून पुन्हा सुटली की ती पुन्हा व्हायला हवी.

तासांचे आकडे मात्र यंत्रात कोरू नयेत. १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होते, लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन १० आणि ५४, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो सामावला आहे. मर्यादा पुढे बदलतील. यंत्राने कच्ची नोंद अचूक ठेवावी, मर्यादांचा तक्ता वेगळा आणि बदलता यावा, कोणत्या तारखेला कोणता तक्ता लागू होता हे नोंदीत असावं. इशाराही शहाणपणाने द्यावा. युरोपातलं यंत्र सलग चालवण्याचे साडेचार तास पुरे होण्याच्या १५ मिनिटं आधी सांगतं. घोटीच्या टोलनंतर हा इशारा वाजला तर पुढे इगतपुरी आणि लगेच घाट, गाडी बाजूला घ्यायला जागा कुठे? आपल्याकडे पहिला इशारा ४५ मिनिटं आधी हवा.

प्रमाणपत्र कोण देणार यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. अमेरिकेत १८ डिसेंबर २०१७ पासून यंत्र सक्तीचं झालं, पण 'आमचं यंत्र नियमात बसतं' हे कंपनीने स्वतःच जाहीर करायचं होतं. नियमात न बसणारी यंत्रं यादीत शिरली आणि नंतर एकेक काढावी लागली. तेव्हा भुर्दंड पडला तो ती विकत घेतलेल्या वाहतूकदारांना. कॅनडाने तेच पाहून तांत्रिक मानक बनवलं आणि तिऱ्हाईत संस्थेचं प्रमाणपत्र बंधनकारक केलं. नियम जून २०२१ मध्ये लागू झाला, आणि प्रमाणित यंत्रं बाजारात पुरेशी येईपर्यंत दंडाची कारवाई लांबवून ती १ जानेवारी २०२३ पासून सुरू केली. आपल्याकडे पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा चाचणी संस्था आहेत, तेव्हा तिऱ्हाईत शोधायला लांब जायला नको. पण चाचणी एका नमुन्यावर करून थांबू नये, दुकानातून उचललेल्या यंत्रावरही व्हावी. आणि गाडीवरची तपासणी फिटनेसला जोडावी. ८ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी होतं, युरोपात टॅकोग्राफचं कॅलिब्रेशनही दोन वर्षांनीच. पेठ रोडच्या आरटीओत वेगळा हेलपाटा पडणार नाही.

दुरुस्तीची मुभा हवी, कारण बटण विसरतं. अमेरिकेतला मार्ग मला योग्य वाटतो: ड्रायव्हर कारण लिहून नोंद बदलू शकतो, मूळ नोंद तशीच राहते, आणि यंत्राने आपोआप टिपलेला चालवण्याचा वेळ कुणालाच कमी करता येत नाही. मालकाने बदल सुचवला तर ड्रायव्हरची मान्यता लागते. आरटीओच्या वायुवेग पथकाला रस्त्यावर दाखवायचा तो गेल्या काही दिवसांचा तासांचा तक्ता आणि गडबडींची यादी, नेटवर्क नसतानाही यंत्रावरून दिसणारा. ड्रायव्हर कुठे जेवला, कुणाकडे थांबला हे त्यांना कळायचं कारण नाही. मालकालाही विश्रांतीच्या वेळेतलं लोकेशन अंदाजानेच दिसावं. अमेरिकेत खासगी वापराच्या वेळी नोंदीतलं लोकेशन सुमारे १० मैलांपर्यंत मोघम ठेवतात.

हे सगळं ड्रायव्हरच्या गळी कसं उतरेल? दंडाच्या भीतीने नाही. 'ताटकळणं' ही वेगळी अवस्था असेल, गेटवर गाडी लागल्याची आणि सुटल्याची वेळ चाकाच्या पल्सने आणि उपग्रहाने पक्की होत असेल, तर तीच नोंद हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या भाड्याच्या, बिलाला जोडता येते. आज पार्टी म्हणते गाडी दुपारी आली, ड्रायव्हर म्हणतो सकाळी, आणि रजिस्टर गेटवरच्या वॉचमनकडे. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीहून निघालेला रीफर (थंड कंटेनरचा ट्रक) पोर्टवर रात्रभर थंडाव्याचं युनिट चालू ठेवून उभा असतो, तिथे तर डिझेलही ड्रायव्हर-मालकाचंच जळतं. म्हणून मानकात ताटकळण्याच्या नोंदीची, यंत्राची डिजिटल सही असलेली, बदलता न येणारी पावती यंत्रातून काढता आलीच पाहिजे: गाडी नंबर, जागा, लागल्याची वेळ, सुटल्याची वेळ, मधे किती वेळा हलली.

एआयएस मानकं अशी बनतात: रस्ते वाहतूक मंत्रालयाची तांत्रिक स्थायी समिती विषय देते, ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स कमिटीचं पॅनेल मसुदा लिहितं, एआरएआय सचिवालय म्हणून काम पाहते, मसुदा हरकतींसाठी खुला होतो, आणि शेवटी मंत्रालय नियमदुरुस्तीची मसुदा अधिसूचना काढून पुन्हा हरकती मागवतं. दोन्ही वेळा कुणालाही लिहिता येतं. पॅनेलवर गाड्या आणि यंत्रं बनवणारे बसलेले असतात, गेटवर ताटकळणारे नसतात. नाशिकच्या वाहतूकदार संघटनांनी हरकत लिहिताना 'यंत्र नको' एवढ्यावर थांबू नये. कलमाचा नंबर घालून, थांबल्यावर कोणती अवस्था धरायची, बॅकअप किती तासांचा, इशारा किती मिनिटं आधी, अंतराची सूट किती टक्के, आणि पावतीत काय काय छापायचं, हे आकड्यांसह लिहावं.